आजीच्या चालीनं माहूरला

यवतमाळहून माहूरला एस.टी.नं जायला दोन-सव्वादोन तास लागतात. आम्ही सहा दिवस लावायचे ठरवले.

शाळेत हे सांगितलं तेव्हा चौथीतल्या एका पोरानं विचारलं, "बाई, मध्येच गाडी बंद पडणार आहे का?" तुम्हीही असंच काहीतरी विचाराल, म्हणून आधीच सांगते. गाडी बंद पडणार नव्हती, कारण गाडी नव्हतीच. आम्ही चालत जाणार होतो. आम्ही म्हणजे माझी आई, माझी पाचवीतली मुलगी आणि मी. ही मागच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. पण सुट्टीत आम्ही नुसतं चाललो. खरं काम त्याआधी तीन महिने चाललं होतं, आणि तुम्हाला सांगायचं आहे ते त्या कामाबद्दलच. चालणं काय, सगळ्यांनाच येतं. चालण्याचा बेत करणं मात्र मला, शाळेत शिकवत असूनही, येत नव्हतं.

माहूर हे पैनगंगेच्या पलीकडचं गाव. नदीच्या अलीकडे आपला यवतमाळ जिल्हा, पलीकडे नांदेड. तिथल्या डोंगरावर रेणुकादेवीचं मंदिर आहे, महाराष्ट्रातल्या साडेतीन शक्तिपीठांपैकी एक. नवरात्रात आमच्या भागातून पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. रात्री कधी या रस्त्यानं गेलात, तर हातात पेटती ज्योत घेऊन धावणारी तरुण मुलंही दिसतील. माहूरहून ज्योत आणायची आणि आपल्या गावच्या देवीपुढे ठेवायची. एक दमला की दुसरा घेतो, ज्योत काही थांबत नाही.

माझे आईबाबा दर नवरात्रात पायी जायचे. एकवीस वर्षं गेले. पुढे बाबा वारले, त्यानंतर आईचे गुडघे बिघडले, आणि सात वर्षं ती पायी गेली नव्हती. श्रावणात एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "एकडाव अजून जाऊन येतो म्हणतो मी. पायी." (आमच्याकडे बायकासुद्धा 'मी जातो' असंच म्हणतात बरं का. व्याकरणाचं पुस्तक मिटून ठेवा.)

मी लगेच वही काढली.

चौथीच्या गणितात एक माणूस असतो. तो ताशी ५ किलोमीटर वेगानं चालतो, तर २० किलोमीटर जायला त्याला किती वेळ लागेल? तुम्ही लगेच सांगाल, ४ तास. मीही तसंच केलं. यवतमाळ ते माहूर अंतर साधारण ७५ किलोमीटर. रोज १८-१९ चाललो की चौथ्या दिवशी संध्याकाळी पोचलो. झाला बेत! मी वही मिटली, आणि स्वतःवर खूश झाले.

पण त्या गणितातल्या माणसाला तहान लागत नाही. त्याच्या चपलेत खडा जात नाही. तो कुणा ओळखीच्या बाईशी बोलत थांबत नाही. आणि त्याचं वय चौसष्ट नसतं.

म्हणून एका रविवारी चाचणी घ्यायची ठरली. सकाळी लवकर निघून यवतमाळजवळच्या निळोणा धरणापर्यंत जायचं आणि चालतच परत यायचं. निळोणा आणि चापडोह ही यवतमाळ शहराला पाणी पुरवणारी दोन धरणं. २०१८ साली ती दोन्ही आटली आणि शहरात पाण्यासाठी काय हाल झाले, ते तुमच्या आईबाबांना आठवत असेल. या वेळी मात्र निळोणा भरून होतं. चारी बाजूंना हिरव्या टेकड्या, काठाला बगळे. जाताना सगळं छान झालं. मुलीनं माझं घड्याळ घेऊन नोंद ठेवली: पहिल्या तासात ४ किलोमीटर, दुसऱ्यात ३. परत फिरलो, आणि तिसऱ्या तासात पुरते २ सुद्धा झाले नाहीत. आई एका पुलाच्या कठड्यावर बसली ती उठेचना. शेवटी ऑटो बोलावला.

ऑटोत कोणी बोललं नाही. घरी आल्यावर आई म्हणाली, "तुमी जा दोघी. माह्यासाठी देवीले नमस्कार करा."

मला काय बोलावं ते सुचेना. मुलगी मात्र वही घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "आई, आजी थांबली तेव्हा किती झाले होते?" मी म्हटलं, "नऊ." "आणि दुपारी झोप काढून संध्याकाळी अजून तीन चालली तर?" मी म्हटलं, "बारा." तिनं ७५ ला १२ नं भागलं. भागाकार ६, बाकी ३. "मग सहा दिवस. बाकीचे ३ आपण सहा दिवसांत वाटून टाकू. आजीनं कशाला थांबायचं घरी?"

मी चार दिवस आधी ठरवले होते आणि आईला त्यात बसवत होते. आई रोज किती चालू शकते ते आधी मोजायचं आणि त्यावरून दिवस ठरवायचे, हे पाचवीतल्या मुलीला कळलं. सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या चालीनं बेत करायचा. तुमच्या सहलीतही हे करून बघा. पुढे पळणाऱ्यांना जरा चिडचिड होईल, पण कुणी मागं राहणार नाही.

मग रस्ता. मोबाइलच्या नकाशावर यवतमाळ ते माहूर अशी निळी रेघ येते. यवतमाळहून दक्षिणेकडे भांबराजा, जवळा, आर्णी, लोणबेहळ, कोसदनीचा घाट, धनोडा, आणि तिथं पैनगंगेचा पूल ओलांडला की माहूर. यवतमाळ समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे एकूण वाट नदीकडे उतरत जाते, पण मध्ये डोंगर आडवे येतात. हे सगळं नकाशा सांगतो. सावली कुठं आहे, ते सांगत नाही. हातपंपाचं पाणी कुठं गोड आणि कुठं मचूळ, ते सांगत नाही. कुठल्या वळणावरची कुत्री अंगावर येतात, हे तर मुळीच नाही.

ते आईला ठाऊक होतं. एका दुपारी ती डोळे मिटून बसली आणि बोलत गेली, मी लिहीत गेले. "भांबराजा सुटलं का डाव्या हाताले हातपंप. मंग लिंबाचं झाड, त्याच्याखाली दगड हाय, बसाले. मंग नाला. नाल्याच्या पुढं एक बुढी चहा द्याची, आता असंन का नसंन..." अशी एकोणीस ठिकाणं निघाली. आर्णीच्या पुढं एक चिंच आली. त्या चिंचेखाली बाबा आणि ती दर वर्षी भाकर खायची. बाबा म्हणे तिथं हटकून झोपायचे आणि आई त्यांच्या तोंडावर दुपट्टा टाकून माश्या हाकायची.

परदेशातही लोक असे अनेक दिवसांचे पायी प्रवास करतात. स्कॉटलंडमध्ये 'वेस्ट हायलँड वे' नावाची १५४ किलोमीटरची पायवाट आहे. १९८० साली ती सुरू झाली. लोमंड नावाच्या भल्या मोठ्या तलावाच्या काठाकाठानं आणि उंच, उघड्या डोंगरांमधून ती जाते. तलावाला तिकडे 'लॉख' म्हणतात. बहुतेक लोक आठवडाभरात ती वाट पुरी करतात. वाटेवर खुणेचे खांब आहेत, त्यांवर एका काटेरी फुलाचं चित्र असतं. तिकडचा माणूस खांब बघत चालतो. आपल्या वाटेला खांब नाहीत, तिथं आईची एकोणीस ठिकाणं होती. पण खांब आणि झाड यांत एक फरक आहे, तो आम्हाला पुढच्याच रविवारी कळला.

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, आणि मी मोटारसायकलवर ती यादी तपासायला गेलो. हा रस्ता म्हणजे नागपूर-तुळजापूर महामार्ग, क्रमांक ३६१. गेल्या काही वर्षांत तो रुंद झाला. गाड्या आता भन्नाट जातात, पण रस्ता रुंद करताना कडेची जुनी झाडं गेली. आईच्या एकोणीस ठिकाणांपैकी अकरा सापडली. हातपंप होता, लिंब नव्हता. चहावाली म्हातारी नव्हती, तिच्या नातवाचं दुकान होतं. चिंच नव्हती. तिथं डांबराची कड आणि लोखंडी कठडा होता. थोडं आत, शेतात, एक जुनी विहीर मात्र दिसली.

परत येताना दादानं विचारलं, "सांगायचं का तिला?" आम्ही नाही सांगितलं. तुम्ही काय केलं असतं, मला माहीत नाही.

या पाहणीचा एक फायदा झाला. महामार्गाच्या कडेनं लहान मुलाला आणि म्हातारीला घेऊन चालणं बरं नाही, हे पक्कं कळलं. म्हणून जिथं जमेल तिथं गावातला जुना रस्ता किंवा पांदण घ्यायची ठरली. पांदण म्हणजे शेतांमधून जाणारी बैलगाडीची वाट. पण पावसाळ्यात पांदणीचं नाव काढू नका! आपली काळी माती ओली झाली की चपलेला अशी चिकटते की एकेक पाय शेराशेरानं जड होतो. म्हणून नवरात्राऐवजी दिवाळीनंतर जायचं. तोवर माती वाळते, ऊन उतरतं, कापूस फुटलेला असतो आणि तूर पिवळ्या फुलांवर येते. महामार्गावर चालावंच लागलं तर उजव्या कडेनं चालायचं, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. आणि अंधार पडायच्या आत मुक्कामाला.

"आणि वाघ आला तर?" मुलीनं विचारलं. हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यात हसण्यावारी नेता येत नाही. आमची वाट जंगलातून नव्हती आणि दिवसाउजेडी चालायचं होतं, तेव्हा तशी भीती नव्हती. पण त्यावरून मी तिला एका वाघाची गोष्ट सांगितली. खरी गोष्ट आहे, तुम्हीही ऐका.

पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात २०१६ च्या अखेरीस तीन बछडे जन्मले. त्यातल्या एका नराच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी रेडिओ कॉलर बसवली, म्हणजे तो कुठं आहे ते उपग्रहावरून कळत राहील. जूनमध्ये तो घर सोडून निघाला. वाघ मोठा झाला की त्याला स्वतःचा मुलूख लागतो, आणि टिपेश्वर आहे जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. तो तेलंगणात गेला, परत महाराष्ट्रात आला, शेतांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडत चालत राहिला. शेवटी बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. टिपेश्वर ते ज्ञानगंगा सरळ रेषेत मोजलं तर अडीचशे किलोमीटरसुद्धा भरत नाही. पण नऊ महिन्यांत तो चालला सुमारे ३,००० किलोमीटर! म्हणून त्याला 'वॉकर', म्हणजे चालणारा, असं नाव पडलं. एवढ्या माणसांच्या वस्तीतून तो गेला, पण एक प्रसंग सोडला तर त्यानं कुणाला दुखवलं नाही. तो झुडपात पडलेला असताना काही माणसं आत शिरली, तेव्हा एकजण जखमी झाला, तेवढंच. एरवी तो दिवसा दडून राहायचा आणि रात्री चालायचा.

मुलगी म्हणाली, "म्हणजे तोपण ऊन टाळत होता." बरोबर! वाघ रात्री चालतो, आम्ही पहाटे चालणार. आपल्या शेजारच्या वर्ध्याचे विनोबा भावे पंचावन्न वर्षांचे असताना, मार्च १९५१ मध्ये, सेवाग्रामहून थेट हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीपर्यंत पायी गेले. त्याच प्रवासात पुढे, १८ एप्रिलला, पोचमपल्ली गावात त्यांना भूमिहीनांसाठी पहिलं जमिनीचं दान मिळालं. तेही पहाटेच चालायला लागायचे. तेव्हा ठरलं, साडेपाचला निघायचं, दहाला थांबायचं, दुपारी झोपायचं, आणि चार ते साडेपाच पुन्हा चालायचं.

सामानाचा मात्र घोळ झाला. पहिल्या यादीत माझ्या पिशवीचं वजन ११ किलो भरलं. ती पाठीला लावून मी जिना चढले आणि उतरून निम्मं सामान काढलं. शेवटी हे ठरलं की अंथरूण-पांघरूण आणि कपडे दादा रोज संध्याकाळी मोटारसायकलवर मुक्कामी आणून देईल. आमच्या पाठीवर पाणी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-फुटाणे, दिवाळीचा उरलेला चिवडा, मीठ-साखरेची पुडी, एक छत्री आणि औषधाची डबी. मुलीच्या पाठीवर फक्त तिचं पाणी आणि वही. लहान मुलांच्या पाठीवर ओझं देऊन त्यांना 'चला चला' म्हणण्यात काही अर्थ नाही.

पायांचं सांगते, कारण चालणारा माणूस पायातच हरतो. नवे बूट घालून कधी निघू नका. महिनाभर आधी ते वापरा. मोजे सुती आणि कोरडे हवेत, आणि थांबलं की बूट-मोजे काढून पाय हवेला ठेवायचे. फोड आला तर फोडायचा नाही, त्यावर पट्टी लावायची. आई एकवीस वर्षं अनवाणी गेली होती, ती बुटाचं नावच ऐकेना. डॉक्टरांनी सांगितलं, बुटाशिवाय गुडघ्यांना धक्के बसतील, आणि चढणीपेक्षा उतरणच जड जाईल, हातात काठी ठेवा. तरी ऐकेना. मग मुलीनं तिच्यासाठी जांभळ्या पट्ट्यांचे बूट आणले आणि म्हणाली, "आजी, मंदिराच्या पायरीशी काढायचे ना. रस्त्यावर देवी कुठं बघतेय?" त्यावर आई जी हसली! नऊवारी लुगडं आणि जांभळ्या पट्ट्यांचे बूट घालून ती महिनाभर रोज गल्लीत चालत होती. गल्लीतली पोरं मागं मागं.

मुक्कामांची सोय सोपी निघाली. दोन ठिकाणी नातेवाईक, एके ठिकाणी देवळाचा सभामंडप, एके ठिकाणी शाळेची खोली, आणि आर्णीत डी.एड.ला माझ्याबरोबर असलेली मैत्रीण. सगळ्यांना आधी फोन केले. आयत्या वेळी कुणाच्या दारात जाऊन उभं राहायला आपण काही नारदमुनी नाही.

शेवटी एक नियम केला. 'थांबा' म्हणायचा हक्क तिघींनाही. कुणीही, कधीही म्हटलं तर थांबायचं, आणि 'का' असं विचारायचं नाही. गरज पडली तर एस.टी.ला हात करायचा. आईनं नियम ऐकला आणि म्हणाली, "मी काई म्हणत नाई थांबा."

भाऊबीज झाली आणि आम्ही निघालो.

पहिले तीन दिवस मी भरभर सांगते, कारण बेत चांगला असला की सांगण्यासारखं फार घडत नाही. पहाटे दव इतकं की लुगड्याचा काठ भिजायचा. पऱ्हाटीच्या शेतात वेचणीच्या बायका भेटायच्या, कुठं चाललात विचारायच्या, आणि आईच्या बुटांकडे बघून तोंडाला पदर लावायच्या. एका पाझर तलावाच्या काठी आम्ही दुपारभर पडून राहिलो. पाण्यात बदकं होती, मुलीनं सत्तावीस मोजली. तिसऱ्या संध्याकाळी आर्णीत पोचलो. बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यावरून जाताना आईनं हात जोडले. मैत्रिणीनं गरम पाण्यात मीठ टाकून सगळ्यांचे पाय शेकले. आईचा उजवा गुडघा थोडा सुजला होता. ती म्हणाली, "काई नाई, थंडीनं हाय."

चौथ्या दिवशी चिंच येणार होती. म्हणजे, येणार नव्हती. मी सकाळपासून गप्प होते. कठडा दिसायला लागला तशी मी बोलायला तोंड उघडलं, तर आईच थांबली. काठीनं रस्त्याच्या कडेला खूण केली आणि म्हणाली, "इथं होती."

"तुला माहीत होतं?"

"दोन सालं झाली. माह्या मावसबहिणीच्या पोरीच्या लग्नाले गेलो होतो ना यस्टीनं, तवाच पाह्यलं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी काहून सांगतलं नाई, तेबी समजलं मले."

ती कठड्याला वळसा घालून शेतात उतरली, विहिरीच्या काठावर बसली आणि छत्री उघडली. आम्ही तिथं दशम्या खाल्ल्या. शेतमालक आला, आईशी त्याच्या ओळखी निघाल्या, त्यानं विहिरीचं पाणी काढून दिलं. जेवण झाल्यावर मुलगी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. आईनं तिच्या तोंडावर दुपट्टा टाकला.

पाचव्या दिवशी कोसदनीचा घाट. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, मोठाली पानं करकरत होती. चढण आईनं बरी काढली. उतरण लागली तशी तिची चाल बदलली. काठीवर सगळा भार, ओठ दाबलेले. मी विचारलं, "थांबायचं?" "नाई." दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं. "नाई म्हटलं ना." पूर्ण पायी जायचं, हे तिच्या मनात किती घट्ट होतं ते मला दिसत होतं. आणि गुडघाही दिसत होता.

तेवढ्यात मुलगी रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. "थांबा," ती म्हणाली. "मला नाही चालवत."

नियम नियमच. 'का' विचारायचं नव्हतं. मी तिच्या पायांकडे पाहिलं, एक फोडसुद्धा नव्हता. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. आई क्षणभर उभी राहिली, मग तिच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "लेकरू दमलं. करा यस्टीले हात."

गाडीनं आम्हाला उरलेला घाट उतरवून धनोड्याला सोडलं. त्या संध्याकाळी आईचा गुडघा शेकताना मी हळूच म्हटलं, "वाईट वाटतंय का? तेवढी वाट राहिली ना."

"देवी काय किलोमीटर मोजत बसली हाय का बाप्पा?" आई म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "पोरगी खोटं बोलली. तुले कळलं का?"

"कळलं."

"मलेबी."

सहाव्या दिवशी गुडघा उतरला होता. आम्ही पैनगंगेच्या पुलावर पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं. ही नदी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण कडेनं वाहते आणि वणी तालुक्यात जुगादजवळ वर्धा नदीला मिळते. पुलाच्या मध्यावर आईनं पाच रुपयांचं नाणं पाण्यात टाकलं. मुलीनं वहीत लिहिलं, 'यवतमाळ जिल्हा संपला, ७ वाजून १० मिनिटे.' शेवटचे दहा-बारा किलोमीटर आम्ही चार वेळा थांबत, संध्याकाळपर्यंत पुरते केले. दुसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्या चढताना आई तासभर लावून चढली, पण चढली. बूट खाली काढून.

माहूरच्या देवीचा प्रसाद म्हणजे कुटलेला विडा, तांबूल. तो तोंडात टाकला की जीभ लाल होते. आजी-नातीनं एकमेकींना जिभा दाखवल्या.

गडावर आई आली नाही. मुलगी आणि मी जाऊन आलो. तटावरून खाली पैनगंगेचं वळण दिसतं. रायबागन याच माहूरची. मुघलांच्या बाजूनं लढणारी ही शूर बाई कारतलबखानाबरोबर कोकणात उतरली होती. २ फेब्रुवारी १६६१ ला उंबरखिंडीत शिवाजीमहाराजांनी त्यांना कोंडलं, तेव्हा शरण जायचा शहाणा सल्ला तिनंच खानाला दिला. 'थांबा' म्हणायला तिथंही कुणीतरी लागलंच.

परत येताना एस.टी. घेतली. खिडकीची जागा मुलीला. गाडी सुटली आणि आमचे सहा दिवस उलटे पळायला लागले. "आजी, पूल! आजी, तो दगड, मी बसले होते तो! आजी, विहीर, विहीर!" आई माझ्या अंगावरून वाकून बघायची, तोवर ते मागं गेलेलं असायचं. आर्णी गेली, जवळा गेलं. बदकांचा तलाव तर दिसलाच नाही, तो पांदणीच्या बाजूला आत राहिला.

भांबराजा जवळ आलं तेव्हा आईनं मला कोपरानं ढोसलं.

"त्या ड्रायव्हरले म्हणा," ती म्हणाली, "जरा हळू चालव."